जवानांचं रक्त थांबवायला शिकायचं कुठं? आमच्या कॅज्युअल्टीत पाठवा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ड्रोन, क्षेपणास्त्रं, रडार यावर दोन पानं भरून माहिती आली होती, फोटो पण झकास होते. वाचली सगळी. पण ते ड्रोन ज्याच्या अंगावर येऊन फुटतं त्या पोराचं पुढं काय होतं, त्याच्याजवळ पहिल्या पाच मिनिटांत कोण पोचतं आणि त्या पोचणाऱ्याला हे काम कुणी कुठं शिकवलं, यावर एक ओळ पण नव्हती. म्हणून हे पत्र. लांबेल जरा, कापायचं तिथं कापा, फक्त मटणाचा भाग तेवढा ठेवा.

मी ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली १७ कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात गेली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही कारण पुढं जे लिहिणार आहे ते त्यांना आवडायचं नाही. धाकटा मुलगा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट आहे, लखनौला त्यांच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, आता पोस्टिंग कुठं आहे ते मी लिहिणार नाही आणि तो पण मला धड सांगत नाही.

मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हाची गोष्ट. मी भाकरी थापत होते आणि हा मागनं आला, हातात काळा पट्टा, त्याला एक छोटी दांडी. टुर्निके म्हणतात त्याला, हातापायाला आवळून रक्त थांबवायचा. म्हणाला, आई, तुझा डावा हात दंडापासनं फाटलाय, रक्त चाललंय, आजूबाजूला कुणी नाही, एका हातानं बांध. आणि मोबाईलवर टायमर लावला. पिठानं भरलेल्या हातानं मी तो पट्टा दंडावर चढवला, ओढला, दांडी फिरवायला लागले तर दांडी निसटली, परत फिरवली, तिच्या खाचेत अडकेना. एक मिनिट दहा सेकंद लागले. "मेला की पेशंट तुझा," म्हणाला आणि हसला. मला काय हसू आलं नाही.

मग त्यानं स्वतः बांधून दाखवला, माझ्याच हातावर, वीस-पंचवीस सेकंदांत, आणि इतका आवळला की डोळ्यांतनं पाणी आलं. म्हटलं सोड रे. म्हणाला, नाडी बघ आधी. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली तर नाडीच नाही. हजारो लोकांच्या नाड्या बघितल्या असतील मी, स्वतःची नाडी हाताखालनं गेलेली पहिल्यांदा बघितली. तो म्हणाला दुखतंय म्हणजे नीट बांधलंय, पेशंट ओरडला म्हणून सैल केलं की संपलं.

ते ऐकलं आणि मला तो ऊसतोडीचा माणूस आठवला. बरीच वर्षं झाली त्याला. रात्री अकरा-साडेअकराला टोळीतल्या लोकांनी त्याला ट्रॅक्टरमागच्या ऊसाच्या गाडीवर घालून आणलेला, ऊस तोडताना कोयता मांडीत बसलेला, वरनं टॉवेल बांधलेला. टॉवेल लाल आणि त्याच्याखालनं रक्ताची धार चालूच. आम्ही काय केलं? खरं सांगायचं तर मी शीर शोधायला लागले, सलाईन लावायचं म्हणून, डॉक्टर बीपी बघत होते, मामा, म्हणजे आमचा वॉर्डबॉय, स्ट्रेचरचं चाक अडकलं म्हणून शिव्या घालत होता, आणि त्या टॉवेलला कुणी हात लावला नाही. बांधलंय ना, म्हणजे झालं. आता कळतंय की अर्धवट आवळलेला टॉवेल न बांधण्यापेक्षा वाईट असू शकतो, कारण रक्त परत नेणाऱ्या शिरा वरवर असतात त्या दबतात, पण आतली धमनी चालूच राहते, म्हणजे रक्त पायात येतंय, परत जात नाही, मग जखमेतनंच बाहेर पडणार. सर्जन घरून येईपर्यंत तो माणूस गेला. बीडकडचा होता, बायको बाहेर गाडीपाशी बसलेली. मी त्या ड्युटीत होते, म्हणजे त्यात मी पण आले, दुसऱ्यावर ढकलत नाही.

आम्हाला नर्सिंगला शिकवलेलं की आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. ए, बी, सी. जन्मभर तेच घोकलं. फौजेत आता हा क्रम फिरवलाय, आधी भळाभळा वाहणारं रक्त थांबवा, मग श्वासमार्ग, मग छाती, मग सलाईन-रक्त वगैरे आणि शेवटी गारठा आणि डोक्याचा मार. कारण मांडीची धमनी तुटली तर तीन-चार मिनिटांत माणूस संपतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही त्याची हनुवटी वर करून श्वास बघत बसला तर श्वास बघायला माणूसच राहत नाही. त्यातपण गोळीबार चालू असताना एकच काम करायचं, पट्टा आवळायचा आणि आडोशाला ओढायचं, बाकी सगळं आडोशाला गेल्यावर. ही पद्धत अमेरिकन लोकांनी १९९६ ला लिहून काढली आणि आता जगभर बऱ्याच फौजा तीच शिकवतात. मुलानं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मी वाद घातला, आई आणि वर सीनियर सिस्टर, पण वाद हरले.

आकडे सांगते, कारण आकड्याशिवाय आपल्याकडं कुणी ऐकत नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत इराक-अफगाणिस्तानात मेलेल्या ४,५९६ अमेरिकन सैनिकांच्या नोंदी त्यांनी एकेक करून तपासल्या. दर १०० मधले ८७ दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले होते. त्या वाटेत गेलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा असा होता की नशिबानं आणि उपचारानं वाचू शकला असता, आणि त्या वाचू शकणाऱ्यांमधले दर १०० मागे ९० जण कशानं गेले? नुसतं रक्त जाऊन. म्हणजे मोठा सर्जन, मोठं ऑपरेशन थिएटर ही पुढची गोष्ट, माणूस मरतो तो शेजारच्याच्या हातात. त्यांचीच एक रेंजर रेजिमेंट आहे, तिथं युद्धाच्या आधीपासनं प्रत्येकाला, अगदी स्वयंपाक्याला पण, रक्त थांबवायला शिकवलेलं, कमांडर स्वतः त्यात लक्ष घालायचा. त्यांचे २००१ ते २०१० मध्ये ३२ जण गेले, पण मैदानावर वाचवता आला असता आणि गेला असा एकपण नाही निघाला. पट्टा तोच, बंदूक तीच, फरक सरावाचा.

आता माझं खरं म्हणणं. सराव जातो हो. युद्ध संपलं की जातो. व्हिएतनाममध्ये निव्वळ हातापायातनं रक्त जाऊन २,५०० च्या वर सैनिक गेले होते, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलेलं, तरीपण २००१ ला अफगाणिस्तानात जाताना बहुतेक सैनिकांकडं धड टुर्निके नव्हता. तीस वर्षांत विसरले. ब्रिटिश नौदलातले सर्जन वॉकर यांनी या विसरण्यावर बोट ठेवलं आणि आता त्यालाच वॉकर डिप म्हणतात, म्हणजे शांततेच्या काळात पडलेला खड्डा, पुढच्या युद्धातली पहिली माणसं त्या खड्ड्यात पडतात. आपल्या कोल्हापूरकरांना खड्ड्याचं वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं काय आहे? पलटणीत एक डॉक्टर असतो, त्याच्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट, शिवाय कंपनीतल्याच काही जवानांना प्रथमोपचार शिकवलेला असतो, गोळी लागली की पहिल्यांदा पोचणारा तो साधा जवानच. मग मागं एड पोस्ट, मग ड्रेसिंग स्टेशन, मग फील्ड हॉस्पिटल, अशी साखळी. कागदावर चांगली आहे आणि प्रत्यक्षात पण बऱ्याच ठिकाणी चांगली आहे, श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलला गोळीच्या आणि स्फोटाच्या जखमा जितक्या हाताखालनं गेल्यात तितक्या देशात फार थोड्या ठिकाणी गेल्या असतील, तिथनं तयार होऊन आलेला माणूस कुठं पण उभा राहतो. पण सगळे श्रीनगरला नसतात ना. शांत छावणीतला नर्सिंग असिस्टंट दिवसभर काय बघतो? ताप, खोकला, गुडघा, पायाला आलेले फोड, साहेबांच्या सासूबाईंची शुगर. हे मी नाही, माझा मुलगा म्हणतो. प्लास्टिकच्या पायावर पट्टा बांधण्यात तो पटाईत आहे, पण सुट्टीत एकदा आमच्या गल्लीत मोटरसायकलवरनं पडलेल्या पोराच्या डोक्यातनं रक्त आलं तेव्हा क्षणभर हा नुसता बघत उभा राहिला. क्षणभरच. पण मी बघितलं. प्लास्टिकचा पाय किंचाळत नाही आणि त्याची आई शेजारी ऊर बडवत नसते.

यावर बाहेरच्या देशांनी सरळ उपाय काढला, जिथं रोज रक्त असतं तिथं फौजेची माणसं नेऊन बसवली. अमेरिकेचं हवाई दल आपल्या टीम बाल्टिमोरच्या ट्रॉमा सेंटरला पाठवतं, त्यांची आर्मी मायामीला. ब्रिटिशांचे फौजी डॉक्टर एरवी बर्मिंगहमच्या साध्या सरकारी दवाखान्यात काम करतात. जोहान्सबर्गच्या बारागवानाथ हॉस्पिटलात तर सुरे-गोळ्यांचे इतके पेशंट येतात की देशोदेशीचे फौजी सर्जन तिथं हात बसवायला जातात. वाईट वाटतं ऐकायला, दुसऱ्याच्या जखमेवर शिकायचं, पण शिकाऊ डॉक्टर काय वेगळं करतो?

आणि आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे का? पुणे-बंगळूर हायवे उशाला, घाट सगळ्या बाजूंनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं रिफ्लेक्टर नाही, वर टेप फुल्ल, आणि रात्री त्याच्या मागं जाऊन बसणारी मोटरसायकल. मळणी मशीन, कडबाकुट्टीत गेलेले हात, विहिरीवर सुरुंग उडवताना झालेले अपघात, एमआयडीसीतल्या पॉवर प्रेसखाली गेलेली बोटं. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्याला, हा सगळा जिल्हा येऊन थडकतो, वरनं कोकणातले आणि सीमाभागातले पण. स्फोटाची जखम आणि कडबाकुट्टीची जखम सारखी नसते हे मला कळतं. पण रक्त तेच, घाई तीच, आणि कुणी काय धरायचं हा गोंधळ पण तोच. टेंबलाईवाडीला टीए, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची बटालियन आहे, बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर दोन-अडीच तासांवर, शिरोळ तालुक्यात तर गावाचं नावच सैनिक टाकळी. दरवर्षी हंगामात नर्सिंग असिस्टंट आणि तरुण फौजी डॉक्टरांच्या छोट्या टीम महिना-दीड महिना सीपीआर, सांगली-मिरज, सोलापूर अशा सरकारी कॅज्युअल्टीत रात्रपाळीला द्या. दिवसपाळीला नको, दिवसा व्हिजिटर्सच जास्त असतात.

टीम म्हणते ते मुद्दाम. एकेकटा पाठवून उपयोग नाही. डॉक्टर, दोन असिस्टंट, स्ट्रेचरवाला, ड्रायव्हर असा अख्खा गट एकत्र रुळला पाहिजे. आमच्या कॅज्युअल्टीत त्या रात्री चार माणसं होती पण टीम नव्हती. कोरियाच्या युद्धात आपली ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स गेली होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. १९५० च्या शेवटी चिनी फौजा आल्या आणि माघारीचा हुकूम झाला, गाड्या नाहीत, आणि ऑपरेशनचं सामान टाकून जायला हे लोक तयार नाहीत. तर यांनी एक जुनं रेल्वे इंजिन शोधलं, बादल्यांनी पाणी भरलं, इंजिनाची थोडीफार माहिती असलेली माणसं आपल्यातच निघाली आणि सामानासकट गाडी हाकत बाहेर पडले. पुढं १९५१ च्या मार्चमध्ये त्यांच्यातलीच एक तुकडी अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर विमानातनं उड्या मारून जखमींना बघायला उतरली. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. डॉक्टर आणि शिपाई वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर राबलेले असले की असं सुचतं, पेटीत बघून सुचत नाही. २०२४ ला आग्र्यात हवाई दलानं भीष्म नावाचा पेट्यांमधला दवाखाना पॅराशूटनं खाली सोडला, चांगलीच गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही, पण पेटी उघडणारे हात कुणाचे हाच माझा प्रश्न.

त्यात युद्ध पण बदललंय. आधी म्हणायचे पहिल्या तासात हेलिकॉप्टरनं उचला, अमेरिकेनं २००९ ला तसा हुकूमच काढला होता. युक्रेनमध्ये आता वर ड्रोन घिरट्या घालतात, अॅम्ब्युलन्स दिसली की तिच्यावरच येतात, त्यामुळं जखमी माणूस खंदकात तासन्‌तास, कधी दिवसभर पडून राहतो. बांधलेला पट्टा सोडायला कुणी नाही, दोन तासांच्या वर गेला की पाय धोक्यात, आणि कित्येकांचे हातपाय त्या पट्ट्यानंच गेले. म्हणून आता नुसतं बांधायला शिकवून भागत नाही, बांधल्याची वेळ लिहायची, आडोसा मिळाला की जखम कापडानं ठासून भरून दाबाची पट्टी लावायची आणि मग टुर्निके हळू सैल करून बघायचा, हे पण त्या पोरांनाच करावं लागतं. आपल्या लडाखात, सियाचीनला हवामान खराब झालं की हेलिकॉप्टर येत नाही, तिथं आणि काय वेगळं होणार.

ठासून भरण्यावरनं मटण. जांघेत, काखेत, मानेशी पट्टा बांधता येत नाही, तिथं जखमेच्या तळापर्यंत बोट घालून गॉज कोंबावं लागतं आणि वरनं अंगाचा भार देऊन दाबून धरावं लागतं. ते शिकायचं म्हणून मुलानं बुधवारी सकाळी मटणाची अख्खी रान, म्हणजे बोकडाची मांडी आणली, सुरीनं खोल भोक पाडलं, आतनं सलाईनची नळी घातली, बाटलीत कुंकवाचं पाणी, आणि बाटली दाबायचं काम यांच्याकडं दिलं. आमचे हे रिटायर्ड कारकून, त्यांनी काय जोरानं दाबली, स्वयंपाकघराचा ओटा लाल. मी कोंबतेय कोंबतेय आणि पाणी बाजूनं येतंयच. मुलगा म्हणतो "वरवर भरालीस, तळाला जा, जिथनं येतंय तिथं जा." तिसऱ्या वेळेला बोटाला ती नळीची टोकं लागली, तिथं दाबलं आणि थांबलं. घड्याळ लावून दाबून धरलं, खांदे भरून आले. ३१ वर्षांत मला हे कुणी करायला लावलं नव्हतं, आम्ही जखमेवर गॉज ठेवायचो, जखमेत नाही. रानेचा मग तांबडा रस्सा झाला का, असं शेजारणीनं विचारलं. कुंकवाचं पाणी होतं म्हणून नाही केला, कुत्र्यांची चंगळ झाली.

म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडनं आहे बघा. फौजेच्या पोरांना खरी माणसं मिळतील, आणि आमच्या सिस्टर-ब्रदर-मामांना त्यांची शिस्त मिळेल. गारठ्याचंच घ्या. रक्त गेलेला माणूस गार पडला की त्याचं रक्त नीट गोठत नाही, मग अजून रक्त जातं. पावसाळ्यात हायवेवरनं आणलेले पेशंट ओलेगच्च यायचे, आम्ही तसेच पंख्याखाली ठेवायचो, वर गार सलाईन. फौजेत पहिल्यापासनं सांगतात, ओले कपडे काढा, गुंडाळा. एक कांबळं हो, कांबळं. किंवा ते ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचं इंजेक्शन, बायकांच्या जास्त रक्तस्रावाला आपण कधीपासनं देतो, स्वस्त आहे. २०,००० च्या वर जखमी माणसांवर त्याची चाचणी झाली, ४० देशांत, २०१० ला निकाल आला, आणि निघालं काय तर पहिल्या तीन तासांत दिलं तरच फायदा, नंतर दिलं तर उलट तोटा. फौजांनी ते लगेच उचललं. आमच्या दवाखान्यात ते कपाटात होतं, किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडं.

अडचणी आहेत, मला माहीत आहे. फौजी माणूस सिव्हिल पेशंटला हात लावणार तर जबाबदारी कुणाची, काही चुकलं तर नातेवाईक कुणाला मारणार (मारतात, मी खाल्लाय मार), राहायची सोय, दोन खात्यांच्या फायली. एक डॉक्टर ओळखीचे आहेत, ते म्हणाले सिस्टर, मुंबई-दिल्लीची फाईल फिरता फिरता तुमचा मुलगा रिटायर होईल. असेल. पण सुरुवात फाईलशिवाय पण होते, जिल्ह्यात कोअरमधनं निवृत्त झालेले कितीतरी नर्सिंग असिस्टंट गावोगावी आहेत, कुणी मेडिकलच्या दुकानात, कुणी बँकेच्या दारात सिक्युरिटीला बंदूक घेऊन बसलेत. त्यांना हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांनी टोळ्यांपुढं उभं केलं, प्रत्येक टोळीच्या मुकादमाकडं एक टुर्निके दिला, तर खर्च किती येईल? आणि २०२२ नंतर भरती झालेल्या अग्निवीरांमधले शंभरातले ७५ तर चार वर्षांनी घरीच यायचेत, त्यांना जाताना हे एवढं पक्कं शिकवून पाठवा, म्हणजे प्रत्येक गावात एक तरी माणूस असा असेल की जो टॉवेल बघून गप्प बसणार नाही.

मुलगा परत गेला. जाताना तो काळा पट्टा माझ्याकडं ठेवून गेलाय, स्कुटीच्या डिकीत असतो. रोज रात्री जेवण झालं की एकदा बांधते, हे टायमर लावतात. काल ४१ सेकंद झाले. कुठल्या कारखान्याला किंवा तरुण मंडळाला शिकायचं असेल तर मी यायला तयार आहे, पैसे नकोत, फक्त रान तुमची आणायची.

आपली वाचक,
एक निवृत्त स्टाफ नर्स
राजारामपुरी, कोल्हापूर